पाया न खणता

मुकातीजींनी कागदावर लिहून घेतलं:
अकरा महिने, चार बिघे, कंपेलच्या वाटेला,
वीट लावायची नाही, खड्डा खणायचा नाही.
घोड्या उभ्या करा, घर नको.
मी सही केली
आणि आठवडाभर इंदूरभर घर शोधत फिरले
जे घर नाही, असं.

लोहा मंडीत नियाज मिस्त्रीनं पहिलंच विचारलं,
चाकं की पाट?
माझा जीव चाकांवर. हातानं ढकलू, वाटलं,
ट्रॅक्टरवाल्याची मिनतवारी नको.
त्यानं चपलेच्या टोकानं फरशीवर रेघ ओढली,
"बाई, तुमची काळी माती श्रावणात चाक गिळते,
ते दिवाळीशिवाय परत देत नाही."
म्हणून पाट. लोखंडी, दोन,
होडीच्या नाकासारखे पुढून वर वळलेले.

मापं मी नेली होती बँडवाल्याच्या पावतीमागे.
लांबी चोवीस, रुंदी बारा, उंची
इथे अडले.
वरातीत आम्ही उंची मोजतो ती फेट्याच्या तुऱ्यापर्यंत,
वीजेची तार किती वर, मांडवाची कमान किती खाली.
नुसती घोडी किती उंच
हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.
रात्री टेप घेऊन गेले.
किशमिशनं मान वर केली
आणि गुलशेर म्हणाला, कानही धरा,
कान तिचेच आहेत.

तोंड पूर्वेला, कारण पाऊस बायपासकडून तिरपा येतो.
दार नको, सगळी बाजूच उघडी,
नाहीतर बिजली दुसरीला कोपऱ्यात दाबून चावते.
छताला पत्रा. मी म्हटलं,
वीस वर्षं ताशा ऐकलाय यांनी,
पत्र्यावरच्या पावसाला काय भितील?
गुलशेर खरारा करत होता, थांबला नाही.
"ऐकलाय म्हणूनच," म्हणाला.
पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या. अडीच हजार जास्त.

गोदू मला बयाणा दिल्यावर आठवली.
तिच्या दोन्ही डोळ्यांत दूध साचलंय.
हौदापासून बाभळीपर्यंत किती पावलं,
बाभळीपासून कुंपण किती, हे तिला पाठ आहे;
तिचं सगळं शेत त्या पाढ्यात बसतं.
आणि छप्पर तर दर पंधरवड्याला सरकवायचं,
नाहीतर तोंडाशी चिखल होतो, खूर सडतात.
म्हणजे बाकीच्यांचा निवारा हलणार,
गोदूचा दर वेळी चोरीला जाणार.

नियाज म्हणाला, दोर बांधा. दोरात पाय अडकतो.
कुणी म्हणालं, तिला विका.
मी ट्रंक उघडली.
तिचा जुना जरीचा साज, उंदरांनी अर्धा नेलेला,
छातीवरच्या पट्ट्याला सात घुंगरं शिल्लक.
तो पट्टा पुढच्या खांबाला तारेनं आवळला.
वारा असला की वाजतो.
वारा नसला की कुणीतरी घोडी खांबाला पाठ घासते
तेव्हा वाजतो.
मध्ये मध्ये वाजतच नाही.

देव झोपले, वराती थांबल्या.
भाद्रपदात दुसऱ्यांदा छप्पर ओढलं, हौदापलीकडे.
मागे राहिला पिवळ्या गवताचा चौकोन,
बारा बाय चोवीस,
आणि त्याच्या नेमक्या मधोमध गोदू,
भिजत, अगदी शहाण्यासारखी उभी.
गुलशेर तिला आणायला निघाला, मी म्हटलं, थांब.
का म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात मोटारसायकलवरून मुकातीजी,
डोक्यावर खताची पिशवी.
छपराभोवती एक फेरी मारली,
वाकून पाटाखाली पाहिलं.
"ओ बाई, यो मकान तो नी हे?"
आणि खात्री करायला
खांबाला दोन्ही हातांनी जोरात हलवलं.

चौकोनात एक कान वळला.
मग दुसरा.
मुकातीजींनी पुन्हा हलवलं,
आणि पावसातून सरळ अंगावर येणारी घोडी बघून
पिशवी सावरत बाजूला झाले.